मुंबईच्या खाणावळींतील मत्स्यभोजन

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या मुखावर स्मित उमटलें असेल. खाणावळींत जाऊन मासे खाणें ही काय भाषण देऊन शिकविण्याची गोष्ट आहे, असें कोणी विचारील. भूक असावी, खिशांत पैसे असावे आणि पुढ्यांत ताट यावें; यांत ज्ञानाचा संबंध कोठें आला? परंतु मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे कीं, जी गोष्ट आपण नेहमीं करतों तिच्याविषयींच आपली माहिती पुष्कळदां सर्वांत थोडी असते. डिसेंबरांत हापूस आंबा मागणाऱ्यास आपण हंसूं. पण जुलैच्या मुसळधार पावसांत ताज्या पापलेटचा आग्रह धरणाऱ्यास कोणी हंसत नाहीं. आंब्याला हंगाम असतो हें आपण जाणतों. समुद्रालाहि पंचांग आहे हें मात्र शहरांत राहून आपण विसरत चाललों आहों. त्या पंचांगाकडे आपलें लक्ष वेधावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम या खाणावळींचा पूर्ववृत्तान्त थोडक्यांत सांगतों. मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांच्या प्रयत्नानें १८५६ सालीं सुरू झाली, आणि त्यापुढील अर्धशतकांत परळ-लालबागच्या बाजूस गिरणगांव उभें राहिलें. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या बाजूंचे हजारों तरुण तेथें कामास आले. कुटुंब गांवीं आणि आपण मुंबईस, अशी बहुतेकांची स्थिति. अनेकांनीं मिळून एक खोली घ्यावी, पाळीपाळीनें तींत निजावें, आणि जेवणाची सोय जवळपासच्या एखाद्या बाईकडे लावावी, असा क्रम असे. हीच ती खाणावळ. पगार झाला म्हणजे पैसे चुकते करावयाचे, आणि बाई जें रांधील तें गोड मानून जेवावयाचें. अशा खाणावळी चालविणाऱ्या कष्टाळू स्त्रियांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. पुढें १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि खाणावळींचें जुनें गिऱ्हाईक पांगलें. परंतु त्यांची चव शहराच्या जिभेवर राहून गेली.

या जुन्या खाणावळींत छापील यादी नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बाई बाजारांत जाई, त्या दिवशीं जो मासा मुबलक आणि स्वस्त असे तो घेऊन येई, आणि त्याचेंच कालवण होई. आज बांगडा तर उद्यां मांदेली, परवां कांहींच नाहीं म्हणून सुकट. पुढें भोजनगृहें आणि ‘लंच होम’ निघालीं, तरीहि दाराशीं काळा फळा टांगून त्यावर त्या दिवसाचे मासे खडूनें लिहिण्याची चाल कित्येक ठिकाणीं टिकून राहिली. आतां मात्र मेजावर गुळगुळीत कागदाची छापील यादी येते. तींत पापलेट, सुरमई, रावस, कोळंबी आणि खेकडा हे वर्षाचे बाराहि महिने त्याच क्रमानें उभे असतात. फळ्यावरील मासा रोज पुसला जातो आणि रोज नव्यानें लिहिला जातो. छापील मासा पुसतां येत नाहीं. समुद्र जें वचन देऊं शकत नाहीं तें ही यादी गिऱ्हाइकाला देऊन बसते. तें पाळण्यासाठीं मग बर्फाची पेटी, दूरच्या बंदरांतून येणारी गाडी आणि क्वचित् एका माशाच्या नांवावर दुसरा मासा खपविण्याची युक्ति, यांचा आश्रय करावा लागतो.

समुद्राचें पंचांग म्हणजे काय तें आतां पाहूं. त्यांतील पहिली गोष्ट पावसाळा. पुष्कळ जातींच्या माशांचा हा विणीचा काळ आणि कोळ्यांना खवळलेल्या समुद्रांत जाणें धोक्याचें. यासाठीं महाराष्ट्रांत १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वयें जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. श्रावणांत नारळीपौर्णिमेस कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि खऱ्या अर्थानें नव्या हंगामास आरंभ होतो. कित्येक घरांत श्रावण पाळण्याची जी रीति आहे, ती याच सुमारास माशांना उसंत देते, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

मग जून-जुलैमध्यें भोजनगृहांत मासा येतो तो कोठून? त्यांतील कांहीं गोठवून ठेवलेला असतो. कांहीं पूर्व किनाऱ्यावरून येतो. कारण तिकडील बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत असते, आणि आपली दारें बंद असतां तिकडील उघडलेलीं असतात. कांहीं खाडीचा, कांहीं बिगरयांत्रिक लहान होड्यांचा, तर कांहीं तळ्यांत पोसलेला गोड्या पाण्याचा असतो. यांपैकीं कोणताहि मासा वाईट असतो असें नाहीं. विश्वासू गोठवणीचा मासा उन्हांत पडून राहिलेल्या ‘ताज्या’ माशाहून शतपटीनें बरा. परंतु आपण काय खातों आहों हें आपणांस ठाऊक असावें. शिवाय या दिवसांसाठीं आपल्या पूर्वजांनीं सोय करून ठेवलेलीच आहे. सुके बोंबील, जवळा, सोडे, सुका बांगडा हे सारे उन्हाळ्यांत वाळवून पावसाळ्यासाठींच राखलेले. बाहेर पाऊस कोसळत असतां सोड्यांची खिचडी अथवा सुक्या जवळ्याची कांदा घालून केलेली चटणी आणि तांदळाची गरम भाकरी मागवावी. तो दुधाची तहान ताकावर भागविण्याचा प्रकार नव्हे; त्या ऋतूचें तेंच खरें पक्वान्न होय.

पंचांगांतील दुसरी गोष्ट तिथि. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन भरती-ओहोटी मोठी होते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती मंदावते, तो भांग. किनाऱ्यावरील लोक तिथीवरून भरतीची वेळ तोंडीं काढीत असत. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे जो आंकडा येईल तितक्या वाजतां साधारणतः पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, आणि पौर्णिमा पंधरावी धरल्यास सव्वाअकरा वाजतां. वर्गांत अपूर्णांक शिकवितांना याहून चांगलें उदाहरण मला सांपडलें नाहीं.

या हिशोबाचा आपल्या ताटाशीं संबंध असा. मुंबई, उत्तन, वसई या बाजूस ‘डोल’ नांवाचें जाळें वापरतात. हें जाळें पिशवीसारखें असून समुद्रांत रोंवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात. तें ओढावें लागत नाहीं. पाण्याच्या ओढीनें मासा आपण होऊन आंत शिरतो. अर्थात् उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, म्हणून बोंबील, मांदेली, जवळा आणि लहान कोळंबी अधिक. भांगाच्या दिवसांत उणी. बोंबिलाच्या अंगांत शंभरांतील नव्वद भागांच्या जवळपास पाणीच असतें, त्यामुळें तो फार लवकर उतरतो. तेव्हां पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशीं, उधाणाच्या दिवसांत बोंबील खाणारा आणि भांगाच्या अखेरीस तोच बोंबील मागणारा, हे दोघे सारखेच पैसे देऊन निराळेंच अन्न खात असतात.

आतां ताजेपणाची परीक्षा. बाजारांत मासा अखंड दिसतो, म्हणून तेथें परीक्षा सोपी आहे. डोळे स्वच्छ आणि किंचित् फुगीर असावे, खोल गेलेले व दुधी नसावे. कल्ले लाल असावे. अंग बोटानें दाबल्यास खळगा न राहतां पुन्हां भरून यावें. आणि वास समुद्राचा असावा, नाकांत झोंबणारा नसावा. भोजनगृहांत मासा मसाल्याखालीं झांकलेला येतो. म्हणून मोठा मासा सबंध मागवावयाचा असल्यास शिजविण्यापूर्वीं दाखविण्यास सांगावें. चांगल्या ठिकाणीं यांत कोणास अपमान वाटत नाहीं. उलट कित्येक ठिकाणीं वाढपी आपण होऊन थाळींत कच्चा मासा आणून दाखवितो. खेकडा तर जिवंतच पाहून घ्यावा. ताटांत आल्यावरहि कांहीं खुणा आहेत. ताज्या माशाच्या पाकळ्या ओलसर राहून नीट सुटतात. शिळ्याचा लगदा होतो. तिसऱ्या शिजल्यावर उघडतात. जी शिंपली घट्ट मिटलेली राहील ती जबरीनें उघडून खाऊं नये, बाजूस ठेवावी.

येथें एक गोष्ट प्रकृतीच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. बांगडा, सुरमई, कुपा या जातींचे मासे बर्फाविना उष्णतेंत राहिल्यास त्यांच्या मांसांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें एकदां तयार झालें म्हणजे शिजवून अथवा तळून नाहींसें होत नाहीं. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळांत चेहरा लाल होणें, डोकें दुखणें, अंगास खाज सुटणें हीं लक्षणें दिसतात. जिभेला मसाल्याहून निराळी, मिरीसारखी चरचर लागली तर घांस तेथेंच थांबवावा; पैसे दिले आहेत म्हणून ताट संपविण्याचा हट्ट धरूं नये. त्याचप्रमाणें कोळंबी, खेकडा, तिसऱ्या हे पदार्थ कांहीं व्यक्तींच्या प्रकृतीस मुळींच मानवत नाहींत, आणि एखाद्यास त्यांपासून श्वास कोंडण्यापर्यंत पाळी येते. घरांत असें कोणी असल्यास जेवण मागवितांनाच वाढप्यास स्पष्ट सांगावें. कारण ज्या तव्यावर कोळंबी तळली त्याच तव्यावर दुसरा मासा तळला जात असतो.

यापुढील प्रश्न रुचीचा. ‘मासळीचें जेवण’ असा एकच शब्द आपण वापरतों, पण मुंबईंत त्याच्या अनेक परंपरा शेजारीं शेजारीं नांदतात. मालवणी स्वयंपाकांत कांदा आणि खोबरें भाजून केलेलें वाटण असतें. सारस्वत पद्धतींत ओल्या नारळाचा रस आणि तिरफळ. तेलकट बांगड्याचा उग्रपणा तिरफळानें जसा मोडतो तसा दुसऱ्या कशानें मोडत नाहीं. कोळी पद्धति साधी आणि तिखट. लसूण, चिंच आणि घरचा मसाला, खोबऱ्याचा सोस थोडा. मंगळूरकडील मंडळींची ‘गस्सी’ ब्याडगी मिरचीच्या रंगाची. वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांचा ‘बाटली मसाला’, गोव्याकडील ख्रिस्ती बांधवांचें शिरका घातलेलें रेशाद, आणि पारशी लोकांची केळीच्या पानांत गुंडाळून वाफविलेली ‘पात्रानी मच्छी’. या सर्वांचा धर्म निराळा आहे. म्हणून ज्या भोजनगृहाची जी परंपरा असेल तिचाच पदार्थ तेथें मागवावा. मालवणी घरांत गस्सी आणि मंगळुरी घरांत मालवणी कालवण मागणें म्हणजे संस्कृताच्या शिक्षकाकडे भूमितीची शिकवणी लावण्यासारखें आहे.

या सर्व परंपरांत एक सूत्र मात्र समान आहे, तें आंबटाचें. कोकम, चिंच, कैरी, शिरका अथवा लिंबू, कांहींतरी आंबट असतेंच. माशाला जो विशिष्ट वास येतो तो ज्या द्रव्यामुळें येतो, त्याचा जोर आंबटानें कमी होतो. रसायनशास्त्राचें हें ज्ञान आपल्या आजीबाईंना प्रयोगशाळेवांचून झालें होतें. परंतु याच गुणाचा दुरुपयोगहि होतो, हें विसरूं नये. ज्या पदार्थांत आंबट, तिखट, लोणी आणि लसूण यांचा अतिरेक असतो त्यांत माशाचें वय सहज लपतें. म्हणून नव्या ठिकाणीं पहिल्यानें साधा रव्यांत किंवा तांदळाच्या पिठांत तळलेला एक तुकडा मागवावा. त्याला लपावयास जागा नसते. तो उतरला तर पुढील जेवण निःशंकपणें मागवावें.

नांवांविषयींहि दोन शब्द. ज्यास आपण पांढरें पापलेट म्हणतों तें, आणि कापरी व हलवा हे निरनिराळे मासे आहेत. हलव्यास इंग्रजींत काळें पापलेट म्हणत असले तरी तो त्या कुळांतील नव्हे. रावसाला इंग्रजींत भारतीय सालमन म्हणतात, पण विलायती सालमनशीं त्याचें नातें नाहीं. कांटे काढलेला, पांढराशुभ्र, चवीला सौम्य असा जो ‘फिश फिले’ मिळतो तो पुष्कळदां ‘बासा’ असतो. हा समुद्राचा मासा नसून गोड्या पाण्यांत पोसलेला असतो. तो खाण्यास हरकत नाहीं. समुद्राच्या माशाचा भाव देऊन खाण्यास मात्र हरकत आहे.

भावाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. छापील यादींत कांहीं पदार्थांपुढें रुपये नसून ‘आकारानुसार’ असें लिहिलेलें असतें. समुद्राच्या दृष्टीनें पाहतां ही प्रामाणिक नोंद आहे, कारण मासा सांच्यांत घालून केलेला नसतो. परंतु त्या शब्दाचा अर्थ विचारणें हें गिऱ्हाइकाचें काम आहे. माझ्या परिचयांतील एक निवृत्त कारकून मुलीच्या परीक्षेच्या यशाप्रीत्यर्थ कुटुंबासह एका भोजनगृहांत गेले. खेकडा मागविला, वजन व दर विचारण्याचा संकोच वाटला, आणि बिल पाहिल्यावर त्या बिचाऱ्यांना आनंदाचा दिवस चिंतेंत काढावा लागला. विचारण्यांत दारिद्र्य नाहीं. वजन किती, दर काय, आणि एकूण किती होतील, हे तीन प्रश्न राजानेंहि विचारावे. सेवाशुल्काचीहि गोष्ट अशीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें तें बिलांत परभारें जोडूं नये असें सांगितलें, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें म्हणणें उचलून धरलें. तेव्हां तें देणें न देणें आपल्या खुषीवर आहे. मात्र ज्या वाढप्यानें ‘साहेब, आज सुरमई नको, बांगडा घ्या’ असें खरें सांगितलें, त्याच्या हातावर चार पैसे जास्त ठेवावे. कारण त्यानें मालकाचा तात्पुरता नफा सोडून आपलें हित पाहिलेलें असतें.

श्रोतेहो, येथपर्यंत मी आपल्या जिभेच्या, प्रकृतीच्या आणि खिशाच्या हिताचें बोललों. परंतु या विषयांत त्याहून मोठें असें कांहीं पणास लागलेलें आहे. मुंबईच्या समुद्रांत चपट्या अंगाच्या शेवंडीची एक जात पूर्वीं भरपूर मिळत असे. परदेशांत तिला भाव येऊं लागला, जाळीं वाढलीं, अंड्यांवर आलेल्या माद्याहि सुटल्या नाहींत, आणि १९९४ च्या सुमारास मुंबईच्या बंदरांतून ती जवळजवळ नाहींशी झाली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत हें घडलें. पापलेटवर तसा प्रसंग येऊं नये म्हणून महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें त्यास राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या जलचरांसाठीं पकडण्याचें किमान माप ठरवून दिलें. पापलेटचें माप १३५ मिलिमीटर आहे. हें अंतर एका वितीहूनहि पुष्कळ कमी होय. इतकेंहि न वाढलेलें पिल्लू ताटांत येत असेल, तर त्याला वीण करण्याची एकहि संधि मिळालेली नाहीं, हें ओळखावयास शास्त्राची पदवी नको. आपल्या हाताची वीत पुरे आहे.

कायदा बंदरावर उभा राहूं शकतो, प्रत्येक होडींत बसूं शकत नाहीं. परंतु होडी कशासाठीं समुद्रांत जाते? जें मागितलें जातें तें आणण्यासाठीं. ससून गोदी १८७५ मध्यें बांधली गेली. तेथें अथवा भाऊच्या धक्क्यावर पहांटे जो लिलाव होतो, त्यांतील भाव शेवटीं आपण भोजनगृहांत कोणत्या माशाचें नांव घेतों त्यावर ठरत असतो. सारें शहर दोन-तीनच नांवें घेऊं लागलें तर त्या दोन-तीन जातींचा अंत ओढवेल, आणि मुडदुशे, तारली, बोय, मांदेली यांसारखे रुचकर मासे कवडीमोल ठरून कोळ्याच्या घरांत दारिद्र्य राहील. सारें शहर ‘आज काय चांगलें आलें आहे?’ असें विचारूं लागलें तर भार वांटला जाईल, कोळ्याला प्रत्येक जाळ्याचें मोल मिळेल, आणि पुढील पिढीच्या ताटांतहि पापलेट राहील.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. पुढील वेळीं आपण सहकुटुंब मत्स्यभोजनास जाल तेव्हां छापील यादी क्षणभर मिटून ठेवावी. वाढप्यास आदरानें हांक मारावी आणि आज कोणता मासा आला, कोठून आला आणि केव्हां आला, एवढें विचारावें. जो नीट उत्तर देईल त्याच्या शब्दावर विसंबून जेवावें. जो ‘सगळें ताजेंच आहे’ म्हणून वेळ मारून नेईल त्याच्याकडे सोलकढी पिऊन परत यावें. मुलें बरोबर असतील तर हे प्रश्न त्यांच्या देखत विचारावे. समुद्राचें पंचांग आतां कोणत्याहि शाळेंत शिकविलें जात नाहीं. तें शिकण्याची जागा बाजार आणि खाणावळ हीच उरली आहे, आणि तेथील शिक्षक आपणच आहोंत.